खिडकी, नोंदवही आणि निवेदन : व्यवसाय-माहितीप्रणालींचे विश्लेषण व अभिकल्प

वाणिज्य, व्यवस्थापन आणि संगणकशास्त्र या तिन्ही विद्याशाखांच्या अभ्यासक्रमांत ‘सिस्टिम्स अ‍ॅनालिसिस अँड डिझाइन’ नावाची एक अभ्यासपत्रिका असते. मराठीत तिला ‘प्रणाली-विश्लेषण व अभिकल्प’ असे म्हणता येईल. एलियास अवाद किंवा व्ही. राजारामन यांच्या पाठ्यपुस्तकांच्या आधारे भारतातील विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी हा विषय शिकला आहे. प्रकल्प-अहवालात चार आकृत्या काढण्यापुरता त्याचा उपयोग करून पुढे जाणारे विद्यार्थीही पुष्कळ. (आज्ञावली आधी लिहून आकृत्या मागाहून जुळविण्याची रीत या अहवालांत इतकी रुळली आहे की परीक्षकही सहसा त्याबद्दल विचारीत नाहीत.) साहित्याच्या अभ्यासकाने या विषयाकडे वळून पाहावे, असे त्यात वरकरणी काही दिसत नाही.

तथापि विषयाचा गाभा पाहू गेल्यास तो आश्चर्यकारकरीत्या परिचित वाटू लागतो. एखाद्या संस्थेत काम कसे चालते हे तेथील माणसांकडून ऐकावयाचे, तेथील कागदपत्रांतून वाचावयाचे आणि मग त्याचे असे लेखन करावयाचे, की ज्यांनी ते काम कधी डोळ्यांनी पाहिलेले नाही अशा आज्ञावलीकारांना त्यावरून यंत्र घडविता यावे, हे विश्लेषकाचे काम होय. त्याच्या हातून तयार होते ती एक संहिता. ती बोलीतून लेखनात, एका व्यवसायाच्या भाषेतून दुसऱ्या व्यवसायाच्या भाषेत, आणि अखेरीस माणसाच्या भाषेतून यंत्राच्या भाषेत अशी तीनदा भाषांतरित होते. भाषांतरात काय टिकते आणि काय गळते, हा तौलनिक साहित्याभ्यासाचा जुना प्रश्न आहे. येथे तो वेगळ्या किमतीने विचारला जातो, कारण जे गळते ते वाचकाच्या आस्वादातून गळत नाही, कुणाच्या तरी कामातून, हक्कातून किंवा नावातून गळते. प्रस्तुत लेखात या विषयाचा परिचय या दृष्टीने करून दिला आहे.

प्रथम संज्ञेविषयी थोडेसे. ‘प्रणाली’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ पाण्याचा पाट किंवा नाली असा आहे. ‘सिस्टिम’साठी हा शब्द रूढ झाला तेव्हा तो अर्थ कुणाच्या मनात असेल-नसेल, पण विषयाच्या प्रकृतीला तो उत्तम जुळतो. या शास्त्रातील सर्वांत प्रसिद्ध आकृती माहितीचे पाट कोठून निघतात, कोठे वळतात आणि कोठे साचतात हेच दाखविते. ‘विश्लेषण’ आणि ‘अभिकल्प’ यांतील भेद पाठ्यपुस्तके एका वाक्यात सांगतात : काय हवे हे विश्लेषणाने ठरते, ते कसे साधावयाचे हे अभिकल्पाने. व्यवहारात ही सीमारेषा पुसट असते, आणि ती का पुसट असते हे पुढे दिसेल.

१. संगणकाआधीचे विश्लेषण

हा विषय संगणकाबरोबर जन्माला आला, असा समज सार्वत्रिक आहे. इतिहास वेगळे सांगतो. लंडनमधील जे. लायन्स आणि कंपनी ही चहाची दुकाने व बेकरी चालविणारी कंपनी. कारकुनी कामाच्या पद्धती तपासून सुधारण्यासाठी तिने १९३० च्या दशकातच स्वतंत्र विभाग उघडला होता. कोणता कागद कोणाकडे जातो, त्याची प्रत कशासाठी ठेवली जाते, ती नसती तर काय अडले असते, असे प्रश्न तेथे विचारले जात. या कंपनीच्या दोन अधिकाऱ्यांनी १९४७ मध्ये अमेरिकेतील गणनयंत्रे पाहिली, केंब्रिज विद्यापीठाच्या एडसॅक या यंत्राला साहाय्य केले आणि त्याच्या धर्तीवर कंपनीने स्वतःचे ‘लिओ’ हे यंत्र बांधले. १९५१ च्या अखेरीस बेकरी-मालाच्या मूल्यांकनाचे साप्ताहिक काम त्यावर नियमित होऊ लागले. व्यवसायाचे नित्याचे काम संगणकावर चालविण्याचा हा जगातील पहिला प्रयोग मानला जातो.

लिओवरील कामांपैकी चहाच्या दुकानांना रोज माल पाठविण्याचे काम विषय समजण्यास विशेष उपयोगी आहे. प्रत्येक दुकानाच्या व्यवस्थापिकेला दुसऱ्या दिवशीसाठी काय हवे, हे रोज कळवावे लागे. सगळ्या दुकानांची संपूर्ण मागणी रोज यंत्रात भरणे अशक्यप्राय होते. विश्लेषकांनी पाहिले की मागणीचा मोठा भाग वारानुसार ठरलेला असतो आणि बदल थोडाच होतो. तेव्हा ठरलेली मागणी यंत्रापाशी ठेवावी आणि व्यवस्थापिकेने दूरध्वनीवरून केवळ फरक सांगावा, अशी योजना झाली. येथे यंत्राची करामत फारशी नाही. बोलण्यात काय नवे आहे आणि काय ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक आहे, याचे हे भान आहे, आणि भाषेच्या अभ्यासकाला ते नवे नाही.

२. खिडकी नाहीशी होते

१९७० च्या दशकात या अनुभवाला पद्धतीचे रूप आले. टॉम डीमार्को यांचा ग्रंथ आणि ख्रिस गेन व ट्रिश सार्सन यांचा ग्रंथ दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध झाले. त्यांतून ‘संरचित विश्लेषण’ या नावाने जी पद्धती रूढ झाली तिचे मुख्य साधन डेटा-प्रवाह आकृती. तिच्यात चारच चिन्हे असतात : प्रणालीबाहेरची व्यक्ती वा संस्था, प्रक्रिया, प्रवाह आणि साठा. प्रक्रियेचे नाव क्रियापद आणि कर्म या रूपातच द्यावे, असा दंडक आहे : ‘मागणी तपासा’, ‘देयक तयार करा’. कर्ता वगळला जातो, आणि त्यामागे एक भूमिका आहे.

डीमार्को यांच्या मांडणीनुसार विश्लेषकाने एकामागून एक चार प्रतिकृती कराव्यात. पहिली, चालू कामाची जशीच्या तशी. हिच्यात माणसांची नावे, टेबले, वह्यांचे रंग असे सारे येते. दुसरीत हे आगंतुक तपशील वगळून कामाचे केवळ तर्करूप उरते. तिसरीत या तर्करूपात नव्या गरजा मिसळतात. चौथीत नवे काम पुन्हा देहधारी होते : कोणता भाग यंत्र करील, कोणता माणूस. पहिलीकडून दुसरीकडे जाणे हा पद्धतीतील निर्णायक क्षण आहे.

भारतीय रेल्वेच्या प्रवासी-आरक्षणाचे उदाहरण घेतले असता हा क्षण स्पष्ट दिसतो. संगणकपूर्व काळात ठरावीक खिडकीवर ठरावीक गाड्यांचेच आरक्षण होत असे, कारण त्या गाड्यांची नोंदवही त्या खिडकीमागे असे. नोंदवही एका वेळी एकाच हातात असू शकते. ज्याला दोन गाड्यांनी पुढे जावयाचे त्याला दोन रांगांत उभे राहावे लागे. चालू कामाची पहिली प्रतिकृती काढली तर तिच्यात खिडकी ठळकपणे येईल, कारण प्रवाशाच्या आणि कारकुनाच्या अनुभवात आरक्षण म्हणजे खिडकीच होती. दुसरी प्रतिकृती काढताना विश्लेषक विचारतो : जागा देण्याच्या कामाला खिडकीची गरज आहे काय? त्या कामाला गाडी, तारीख, वर्ग, रिकाम्या जागांचा साठा आणि प्रवाशाची विनंती एवढेच लागते. खिडकी हा नोंदवहीच्या देहाचा परिणाम होता. १९८५-८६ मध्ये नवी दिल्लीत सीएमसी या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने घडविलेली ‘इम्प्रेस’ ही प्रणाली सुरू झाली, आणि कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे आरक्षण मिळू लागले. पुढे ‘क्रिस’ या रेल्वेच्या माहितीप्रणाली केंद्राने ‘कॉन्सर्ट’ ही प्रणाली विकसित केली. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रे १९९९ पर्यंत परस्परांशी जोडली गेली. २००२ मध्ये आयआरसीटीसीने आंतरजालावर तिकिटे देण्यास आरंभ केल्यावर खिडकी प्रत्यक्षातही ऐच्छिक झाली. दुसऱ्या प्रतिकृतीत ती त्याआधीच पुसली गेली होती.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे व्लादिमीर प्रॉप यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. रशियन अद्भुतकथांच्या १९२८ च्या अभ्यासात त्यांनी पात्रांची नावे आणि गुण बदलते मानून कथेतील कार्ये स्थिर मानली. अशी एकतीस कार्ये त्यांनी नोंदविली, आणि कार्य कोण करतो याला गौण लेखले. राजाने गरुड दिला काय किंवा म्हाताऱ्याने घोडा दिला काय, कथेच्या गतीच्या दृष्टीने ते एकच. कर्त्याविना क्रियापद लिहिणारी डेटा-प्रवाह आकृती नेमके हेच करते. या साम्याचा अर्थ प्रभाव असा लावू नये. दोन्हीकडे विसाव्या शतकातील एकच आकांक्षा काम करीत होती एवढेच म्हणता येते : देहाखालचे रूप शोधावे, आणि रूप सापडले की देह बदलता यावा.

प्रॉप यांच्यावर जो आक्षेप पुढे घेतला गेला तोच येथेही घेता येतो. कर्ता वगळल्यावर कर्त्यापाशी असलेले ज्ञानही वगळले जाते. आरक्षणाच्या खिडकीमागील कारकुनाच्या हाती थोडा विवेकाधिकार असे. वृद्ध प्रवाशाला खालचा बाक देणे त्याच्या हाती होते, आणि दलालाला झुकते माप देणेही त्याच्याच हाती. तर्करूपाने दोन्ही एका फटक्यात काढून टाकले. त्यांपैकी पहिली गोष्ट नंतर नियम म्हणून परत आणावी लागली : ज्येष्ठ नागरिक आणि पंचेचाळीस वर्षे व त्यावरील स्त्रिया यांना, उपलब्धतेनुसार, खालचा बाक प्रणालीच आपण होऊन देते. कारकुनाच्या नजरेत जे होते ते आता वयाच्या रकान्यात आहे. यात न्याय वाढला, हे मान्य करावे लागेल. मात्र चाळिशीतील लंगडणारा प्रवासी नजरेला दिसत असे, रकान्याला तो दिसत नाही.

३. कोश आणि सातबारा

डेटा-प्रवाह आकृतीतील प्रत्येक प्रवाहाचा अर्थ डेटाकोशात द्यावा लागतो. हा कोश भाषाकोशापेक्षा व्याकरणाच्या जवळचा आहे. क्रम, पर्याय, पुनरावृत्ती आणि ऐच्छिकता एवढ्या चार संबंधांसाठी त्यात चिन्हे असतात. ‘आरक्षण-विनंती’ म्हणजे गाडीचा क्रमांक, प्रवासाची तारीख, वर्ग, आणि एक ते सहा वेळा येणारा ‘प्रवासी-तपशील’. ‘प्रवासी-तपशील’ म्हणजे नाव, वय, लिंग आणि हवा असल्यास बाकाचा पसंतीक्रम. संगणकभाषांची वाक्यरचना मांडण्यासाठी १९६० च्या सुमारास जे संकेतन रूढ झाले त्याच्याशी या कोशाचे नाते उघड आहे. त्या संकेतनाला पाणिनीचे नाव द्यावे, अशी सूचना पी. झी. इंगरमन यांनी १९६७ मध्ये एका पत्राद्वारे केली होती. भारतीय अभ्यासकांनी तिचा अभिमान अंमळ जास्तच बाळगला असला, तरी साम्य खोटे नाही.

साठ्यांची अंतर्गत रचना हा पुढचा टप्पा. एडगर कॉड यांची १९७० ची संबंधाधिष्ठित प्रतिकृती आणि पीटर चेन यांची १९७६ ची एंटिटी-रिलेशनशिप प्रतिकृती ही येथील दोन आधारशिळा होत. ज्यांची नोंद ठेवावयाची त्या गोष्टी कोणत्या, आणि त्यांच्यातील संबंध एकास एक आहे, एकास अनेक की अनेकांस अनेक, हे चेन यांची आकृती दाखविते. कॉड यांचा आग्रह असा की एक तथ्य एकाच ठिकाणी नोंदले जावे आणि निरनिराळ्या कारणांनी बदलणारी तथ्ये एका तक्त्यात कोंबू नयेत. विद्यार्थ्यांना हा नियम सूत्ररूपाने पाठ असतो, पण तो का आहे हे सहसा उमगत नाही.

मराठी वाचकाला तो समजावून देण्यासाठी सातबाऱ्यासारखे दुसरे उदाहरण नाही. बोलण्यात सातबारा हा एक कागद असतो. महसुली दप्तरात ते दोन नमुने आहेत. गाव नमुना सात हे अधिकार अभिलेख पत्रक, जमीन कोणाची हे सांगणारे. गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही. पहिला बदलतो तो खरेदी, वारस किंवा वाटप यांमुळे, आणि तोही गाव नमुना सहा या फेरफार नोंदवहीतील नोंद प्रमाणित झाल्यावर. दुसरा दर हंगामात बदलतो, कारण शेतात दरवर्षी काहीतरी पेरले जाते. एका खातेदाराची गावातील सारी जमीन एकत्र पाहावयाची तर आठ-अ हा तिसराच नमुना लागतो. बदलाची कारणे वेगळी, बदलाचा अधिकार वेगळा, बदलाचा वेग वेगळा, म्हणून साठे वेगळे. आणि वाचणाऱ्याला दोन्ही एकत्र हवेत म्हणून उतारा एक. कॉड यांच्या पूर्वी कितीतरी वर्षे महसुली कारभाराने साठा आणि दर्शन यांत हा भेद केलेला होता. महाराष्ट्रात भूमी-अभिलेखांचे संगणकीकरण झाले तेव्हा विश्लेषकांसमोर कोरी पाटी नव्हती, एकमेकींत गुंतलेल्या एकवीस नमुन्यांची व्यवस्था होती. फेरफाराची नोंद आणि सातबारा यांतील वर्षानुवर्षांच्या विसंगती यंत्रात भरताना उघड्या पडल्या, त्याचेही कारण हेच. तलाठ्याला कोणती नोंद खरी हे ठाऊक असे, यंत्राला दोन्ही सारख्याच खऱ्या होत्या.

४. एका आकृतीचे अपवाचन

विश्लेषण, अभिकल्प, आज्ञावली-लेखन, चाचणी, वापर असे टप्पे धबधब्याप्रमाणे एकामागून एक उतरत जातात, असे दाखविणारी आकृती या विषयाच्या जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. तिचे जनकत्व विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या निबंधाकडे दिले जाते. त्या निबंधात ‘धबधबा’ हा शब्द नाही. इतकेच काय, ती आकृती देऊन लगेच रॉइस यांनी म्हटले आहे की अशा सरळ क्रमाने काम करणे जोखमीचे असून अपयशाला आमंत्रण देणारे आहे, आणि पुढील पाने त्यांनी दुरुस्त्या सुचविण्यात खर्च केली आहेत. पूर्वपक्ष म्हणून मांडलेली आकृती सिद्धांत म्हणून स्वीकारली गेली. ग्रहणेतिहासाच्या अभ्यासकाने अवश्य नोंद घ्यावी असे हे प्रकरण आहे. सरकारी निविदा आणि कंत्राटे यांना टप्पे हवे असतात, प्रत्येक टप्प्याअखेर स्वाक्षरी हवी असते, आणि वाचन त्या गरजेप्रमाणे घडते. २००१ च्या ‘अ‍ॅजाइल’ जाहीरनाम्याने ज्या पद्धतीविरुद्ध बंड केले ती बऱ्याच अंशी या अपवाचनातून उभी राहिलेली पद्धती होती.

५. लंडन, ऑक्टोबर १९९२

विश्लेषणाची संहिता चुकली तर काय होते, याचे सर्वाधिक अभ्यासले गेलेले उदाहरण लंडन रुग्णवाहिका सेवेचे आहे. जुन्या पद्धतीत दूरध्वनी घेणारा कर्मचारी छापील नमुन्यावर तपशील लिही, नकाशाच्या पुस्तकात ठिकाण शोधी आणि नमुना सरकत्या पट्ट्यावर ठेवी. पट्ट्याच्या टोकाशी सर्व नमुने एका ठिकाणी जमत. तेथील कर्मचारी ते वाचून कोणत्या विभागाकडे द्यावयाचे हे ठरवी, आणि एकाच अपघाताविषयी दोघांनी दूरध्वनी केला असेल तर ते त्याच्या ध्यानात येई. विभागातील वाटपकार मग कोणती रुग्णवाहिका पाठवावयाची ते ठरवी.

२६ ऑक्टोबर १९९२ रोजी या पद्धतीच्या जागी संगणकाने रुग्णवाहिका ठरविण्याची प्रणाली पूर्णपणे लागू झाली, आणि नियंत्रण-कक्षाची मांडणीही बदलण्यात आली. जवळची योग्य रुग्णवाहिका यंत्राने निवडावयाची तर प्रत्येक वाहन कोठे आहे आणि मोकळे आहे की नाही, याची माहिती सदैव अचूक हवी. तशी ती नव्हती. वाहनांवरील कर्मचाऱ्यांनी आपली स्थिती कळविण्यासाठी दाबावयाची बटणे चुकत, राहत किंवा क्रम सोडून दाबली जात. कधी नेमलेले वाहन सोडून दुसरेच वाहन निघे. यंत्राच्या चित्रातील लंडन आणि रस्त्यावरील लंडन यांत अंतर पडत गेले. चुकीच्या चित्रावरून चुकीची नेमणूक होई. प्रत्येक विसंगतीचा इशारा पडद्यावर येई, आणि इशाऱ्यांची रांग इतकी वाढली की महत्त्वाचे इशारे वर सरकून दिसेनासे झाले. रुग्णवाहिका आली नाही म्हणून लोक पुन्हा दूरध्वनी करू लागले, आणि त्या प्रत्येक हाकेने भार आणखी वाढला. दुसऱ्या दिवशी अर्धवट हातपद्धतीकडे परतावे लागले. ४ नोव्हेंबरला तीही व्यवस्था थांबली, कारण आज्ञावलीतील एका चुकीमुळे दर वेळी थोडी स्मृती अडकून राहत होती आणि तीन आठवड्यांत ती संपली.

१९९३ च्या चौकशी-अहवालात दोषांची यादी मोठी आहे : घाईची मुदत, स्वस्त निविदा, अपुरी चाचणी, कर्मचाऱ्यांचा अविश्वास. विश्लेषणाच्या दृष्टीने पाहिल्यास त्यातून एक गोष्ट विशेष जाणवते. पट्ट्याच्या टोकाशी कागद जमणे ही जुन्या पद्धतीतील अडचण म्हणून नोंदली गेली होती, कारण तेथे वेळ जाई. त्याच टोकाशी एक माणूस सर्व हाका एकत्र वाचीत होता, हे काम मात्र कोणत्याही प्रक्रियेच्या नावात नव्हते. ‘हाकांचा अन्वय लावा’ असे वर्तुळ आकृतीत कोणी काढत नाही. रेल्वेच्या बाबतीत खिडकी आगंतुक होती आणि ती पुसणे योग्य ठरले. येथील पट्टाही आगंतुक दिसत होता. देहाचा कोणता भाग आगंतुक आणि कोणता अर्थवाही, हे ठरविण्याचा नियम पद्धतीपाशी नाही. ते ठरते वाचनात, आणि ज्याचे काम वाचले जात आहे त्याला ऐकण्याच्या तयारीवर.

६. अनेक पाठांची शक्यता

या मर्यादेला सर्वांत विचारपूर्वक उत्तर दिले ते लँकेस्टर विद्यापीठातील पीटर चेकलंड यांनी. रसायन-उद्योगातील व्यवस्थापनाचा दीर्घ अनुभव घेऊन ते अध्यापनाकडे वळले होते. त्यांचा प्रमुख ग्रंथ १९८१ चा. त्यांचे म्हणणे असे की संस्थेत प्रणाली दगडासारखी पडलेली नसते. ‘प्रणाली’ हे पाहण्याचे एक साधन आहे, आणि पाहणाऱ्याच्या जीवनदृष्टीप्रमाणे एकाच ठिकाणी भिन्न प्रणाली दिसतात. तुरुंग ही शिक्षा देण्याची प्रणाली आहे, समाजाच्या संरक्षणाची आहे, सुधारणेची आहे, किंवा नवख्या गुन्हेगाराला तरबेज करणारी शाळाही आहे. विश्लेषकाने यांपैकी एक निवडून पुढे जाऊ नये. प्रत्येकीची मूलव्याख्या लिहावी : लाभ-हानी कोणाची, काम करणारे कोण, कशाचे कशात रूपांतर होते, कोणत्या जीवनदृष्टीने त्याला अर्थ येतो, ते थांबविण्याचा अधिकार कोणाचा, आणि कोणत्या मर्यादा गृहीत धरल्या आहेत. मग या व्याख्या संबंधितांसमोर ठेवून चर्चा घडवावी. आरंभी काढावयाचे ‘समृद्ध चित्र’ तर औपचारिक चिन्हांचे नसतेच. त्यात माणसे, भांडणे, संशय, हितसंबंध असे सारे हाताने रेखाटावयाचे असते.

रेल्वे-आरक्षणाचीच चेकलंड यांच्या रीतीने दोन वाचने करून पाहावीत. एका दृष्टीने ती रिकाम्या जागांचे उत्पन्नात रूपांतर करणारी प्रणाली आहे. दुसऱ्या दृष्टीने दुर्मीळ जागा लोकांत न्याय्य वाटावी अशा रीतीने वाटणारी. निरनिराळे कोटे, प्रतीक्षायादी, आणि रद्द होणाऱ्या आरक्षणाच्या भरवशावर दोघांना एका बाकावर बसविणारी ‘आरएसी’ ही विलक्षण सोय दुसऱ्या वाचनाविना समजत नाही. तातडीच्या तिकिटाला अधिक आकार लावणारी तत्काल योजना पहिल्या वाचनाच्या जवळ जाते. दोन्ही वाचने एकाच आज्ञावलीत नांदतात, आणि त्यांच्यातील तणाव प्रत्येक सणासुदीला वृत्तपत्रांत प्रकट होतो.

चेकलंड यांच्या पद्धतीवर आक्षेप आहे तो सत्तेविषयी. चर्चेला सारे बसले तरी बोलतो कोण? ज्याच्या हाती कंत्राटावर स्वाक्षरी करण्याचा अधिकार आहे त्याची मूलव्याख्या अखेर टिकते. हा आक्षेप दुर्लक्षिता येत नाही, आणि त्याला पद्धतीच्या आतून उत्तर मिळालेले नाही.

७. रकाना आणि नाव

अभिकल्पाच्या टप्प्यावर हे सारे प्रश्न अगदी लहान जागेत येऊन बसतात. डेटाकोशात ‘लिंग’ या नोंदीपुढे ग्राह्य मूल्ये लिहावयाची असतात. दोन लिहिली की काम संपले, असे दीर्घकाळ मानले गेले. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात तृतीयपंथी व्यक्तींच्या ओळखीला मान्यता दिली. रेल्वेच्या आरक्षण-नमुन्यात तिसरा पर्याय २०१६ मध्ये आला. तोपर्यंत अशा प्रवाशाला जागा मिळत नसे असे नाही. जागा मिळण्यासाठी स्वतःविषयी असत्य लिहावे लागे. हे असत्य कोणत्याही अधिकाऱ्याने मागितले नव्हते, ते कोशातील एका ओळीने मागितले होते. मूल्य वाढविले की ते एका ओळीपुरते राहत नाही, हेही विश्लेषकाला ठाऊक असते. स्त्रियांसाठी राखीव जागा, वयानुसार खालचा बाक, अशा ज्या ज्या प्रक्रिया त्या रकान्यावर अवलंबून असतात, त्या प्रत्येकीला नव्या मूल्याविषयी काही ठरवावे लागते. वगळलेल्याला आत घेण्याचा खर्च हा वगळण्याच्या वेळी कधीच मोजला गेलेला नसतो.

नावाची गोष्ट याहून किरकोळ वाटेल, पण भाषेच्या अभ्यासकाला ती अधिक जवळची आहे. रेल्वेच्या प्रणालीत प्रवाशाचे नाव रोमन अक्षरांत भरले जाते. आरक्षणाच्या याद्या देवनागरीत छापावयाच्या तेव्हा रोमन नावाचे उलट लिप्यंतर करावे लागते. ‘के, ए, एल, ई’ या चार अक्षरांतून काळे, काले, कळे यांपैकी कोणीही बाहेर पडू शकतो. ‘ळ’ नसलेल्या भाषेच्या सवयीने घडविलेले लिप्यंतर बहुधा काले हेच निवडील, आणि डब्यावरील यादीत आपले नाव शोधणारा मराठी, कन्नड किंवा तमिळ प्रवासी क्षणभर अडखळेल. दोष लिपीच्या संकेतनात नव्हता. भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकात ‘ळ’ला स्वतंत्र स्थान होते, आणि युनिकोडमध्येही आहे. मूळ नाव कोणत्या लिपीत साठवावयाचे हा निर्णय गरजांच्या नोंदीतच घेतला गेला होता. तेथे तो निर्णय म्हणून कोणी वाचला असेल असे वाटत नाही. यंत्राची सोय म्हणून तो लिहिला गेला. डब्यांवर कागदी याद्या चिकटविण्याची पद्धत २०१८ पासून अनेक स्थानकांवर बंद झाली, त्यामुळे हा अडखळण्याचा प्रसंग कमी झाला. ई-तिकिटावर नाव ज्या रोमन अक्षरांत भरले त्याच अक्षरांत उमटते, आणि काळे यांनी आपला ‘ळ’ तेथे मागण्यासाठी रकाना अद्याप नाही.